वाटीखालचं काम

दात कोरून पोट भरत नाही, असं लोक म्हणतात. आमच्या घराचं तीन पिढ्या भरलं. ज्यांच्या तोंडात दात उरले नाहीत त्यांच्यासाठी आम्ही कवळ्या बनवतो. डॉक्टर माप घेतो, मापावरून प्लास्टरचा जबडा होतो, जबड्यावर मेण चढतं, मेणात एकेक दात बसतो, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी हिरडी येते. पेशंट आरशात बघून हसतो आणि डॉक्टरचे आभार मानतो. आम्ही कुठं राहतो हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. नसू दे. मलाही त्याचं तोंडच तेवढं ठाऊक असतं, आणि त्यात बघण्यासारखं फार नसतं.

माझ्या सासऱ्यांनी कारखान्यात एक रीत घालून दिली. मेणाचं काम अर्ध्यावर ठेवून कुणी उठलं, चहासाठी म्हणा नाहीतर ताप आला म्हणून म्हणा, तर त्या कामावर स्टीलची वाटी उपडी घालायची. वाटी पडली की दुसऱ्यानं तिथं हात लावायचा नाही. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. एकानं धरलेला दात दुसऱ्यानं पुरा केला की पेशंट म्हणतो टोचतंय, आणि कुठं टोचतंय ते त्याला सांगता येत नाही. माणूस काम सोडूनच गेला, तर वाटी घरातल्या वडीलधाऱ्यानं उचलायची आणि खालचं मेण खरवडून परत भांड्यात टाकायचं. आमचे हे वारल्यापासून ते वडीलधारं म्हणजे मी.

आमचे चिरंजीव एका दुपारी मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून उठले आणि गेले. चप्पल नेहमीसारखीच घातली, दार नेहमीसारखंच ओढून घेतलं. पुढं बायकोला मोबाईलवर कळवलं की दुसऱ्या गावात घर केलंय, दुसऱ्या बाईबरोबर, आता येणार नाही. मला काहीच कळवलं नाही. मी फोन केला की वाजत राहतो, वाजत राहतो आणि बंद पडतो. मग मीही ठरवलं. मला कुणी काही सांगितलेलं नाही, तेव्हा माझ्या लेखी पोरगा चहाला गेलाय. कॉम्प्युटरवर वाटी बसत नाही, म्हणून त्याच्या स्क्रीनवर मी पॉलिशचं धुतलेलं फडकं टाकलं. बंद केला नाही. अर्धं काम कुणी बंद करत नाही.

रडलात का, असं बायका विचारायच्या. दात काढण्याआधी सुई देतात, तसं झालं होतं. ओठ जागेवर असतो, पण चिमटा काढला तर वाटतं शेजाऱ्याचा आहे. सकाळी कुलूप उघडायची, मेण तापवायची, माणसांना बोलायची ती बोलणी बोलायची. लोक म्हणायचे, म्हातारी खंबीर आहे. मी म्हणायची, हो, आहे.

सून मात्र राहिली. पळपुट्याची बायको म्हणून कुणाची कणव घ्यायला ती बाहेर पडली नाही आणि माझ्यापुढं बसून तिनं एक टिपूस गाळलं नाही. ती समोरच्या कॉम्प्युटरवर बसायची, मी मेणाच्या टेबलावर. दोघी सारख्याच दगड. चहा मात्र तीच करायची, कारण माझा चहा तिला कधी आवडला नाही, आणि नवरा गेल्यावर तिनं ते तोंडावर सांगायला सुरुवात केली.

आता त्या प्लगिनचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं बहुतेक काम एका डॉक्टरीणबाईंकडून येतं. त्यांचे दवाखाने बरेच. त्या ऑर्डर वेबसाइटवर टाकतात: दाताचा रंग कुठला, लांबी किती, पेशंटचं म्हणणं काय. प्लास्टरचा जबडा डब्यातून गाडीनं येतो. वेबसाइटवरची ऑर्डर आमच्या प्रिंटरवर चिठ्ठी होऊन निघावी म्हणून चिरंजीवांनी आणि सुनेनं मिळून प्लगिन लिहिलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, एकाच टेबलावर, कोपराला कोपर लावून. प्लगिन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेली जादा खोली, असं मला समजावलं होतं. त्याचा पुढचा भाग पानावर बसून ऑर्डरीवर डोळा ठेवतो. ऑर्डर दिसली की तिच्यावर 'मिळाली' अशी खूण करतो आणि मागच्या भागाला हाक मारतो. मागचा भाग चिठ्ठी काढतो. पुढचा भाग त्यानं लिहिला, मागचा तिनं. दोन्ही कॉम्प्युटरवर तेच पान उघडं असायचं, ज्याला आधी दिसेल त्यानं उचलायचं, खूण झालेल्या ऑर्डरीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

तो गेल्यावर काही दिवसांनी घोळ सुरू झाला. डबा यायचा, चिठ्ठी यायची नाही. सगळ्यांची नाही असंही नाही. एखादी यायची, एखादी गिळली जायची. चिठ्ठीशिवाय डबा उघडत नाहीत. पांढऱ्या डोक्याच्या माणसाला कुणी पांढरे शुभ्र दात लावून दिले तर घोडा हसल्यासारखं दिसतं. फळीवर डबे साचले. घाशा म्हणजे आमचा पॉलिशवाला, जन्मभर घासत आलाय म्हणून घाशा, तो एकदा फळीकडं बघून म्हणाला, काकू, इतके जबडे एका जागी बसलेत, एखाद्या दिवशी आपसात बोलायला लागतील. मी म्हटलं, बोलले तर ऐकून घे, तुझ्याविषयीच असेल.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या पानावर सगळ्या ऑर्डरी 'मिळाली' दाखवत होत्या, आणि आम्ही म्हणत होतो मिळाली नाही. बाईंनी विचारलं, तुमच्यात खोटं कोण बोलतंय. मी म्हटलं, आमच्या घरात खोडी पुष्कळ आहेत, पण दातांच्या बाबतीत खोटं बोलायची नाही. त्या हसल्या नाहीत. लवकर निस्तरलं नाही तर काम दुसरीकडं देणार, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

सुनेला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. तिनं मला सरळ सांगितलं होतं, हा बिघाड निस्तरते आणि मग जाते, असं अर्ध्यावर टाकून जाणार नाही. म्हणजे गोष्ट उघड होती. बिघाड आहे तोवर सून आहे. बिघाड गेला की समोरची खुर्ची रिकामी, आणि मग ह्या घरात मी आणि फळीवरचे जबडे. म्हणून डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यानं मला व्हायला हवी तेवढी घाई होत नव्हती. काम गेलं तर काम परत मिळवता येतं. आम्ही ते आधीही मिळवलंय.

तरी एका दुपारी मी तिच्यामागं जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर जावास्क्रिप्टच्या ओळी, मुंग्या चालल्यासारख्या. विचारलं, सापडलं का काही.

"थोडं सापडलं," ती म्हणाली. "पुढचा भाग मागच्याला हाक मारतो. मधला दुवा तुटला असेल तर हाक पोचत नाही आणि चूक होते. चूक झाली की कोड ओरडतो. ह्यांनी लिहून ठेवलंय, ओरडला तर ऐकायचं नाही, पुढं चालायचं."

"लहानपणापासून तसाच," मी म्हटलं.

तिच्या ओठाची एक कड हलली. हसू म्हणता येणार नाही.

ती मग काय करत होती ते तिनं सांगितलं. खूण आधी करायचीच नाही. आधी हाक, मग ओ, आणि ओ आल्यावर 'मिळाली'. ओ आला नाही तर ऑर्डर हातात धरून ठेवायची, जरा थांबून पुन्हा हाक मारायची. तरी नाही, तर जास्त थांबून पुन्हा. मग त्याहून जास्त.

"असं किती वेळा?"

"थोड्याच वेळा. मग थांबायचं. आणि समोर बसलेल्या माणसाला स्पष्ट सांगायचं की दुवा तुटलाय."

"थांबायचं कशाला? हाका मारत राहायच्या."

"मशीन दमतं, आई. आणि समोरचा माणूस वाट बघत बसतो. त्याला वाटतं, काहीतरी चाललंय."

ती हे स्क्रीनकडं बघत बोलली. मी सकाळपासून चिरंजीवांना लावलेले फोन तिला ऐकू गेलेले असणार, भिंती काही जाड नाहीत. मी मेणाकडं परत गेले.

तिनं नवीन प्लगिन चढवलं. समोरच्या कॉम्प्युटरवर ते चोख चाललं. ऑर्डरी तरीही गायब व्हायच्याच.

आणि मग तो म्हातारा आला. पेशंट आमच्याकडं कधी येत नाहीत, त्यांना दवाखाना माहीत असतो. ह्यानं कुठून तरी पत्ता काढला होता. इस्त्रीचा सदरा, तोंडावर रुमाल. फळीवरच्या एका डब्यात त्याचा जबडा होता, ऑर्डर गिळली गेलेली. रुमाल न काढताच तो बोलला, सगळे शब्द ओले आणि मऊ. गडबड नाही म्हणाला, आपण फक्त विचारायला आलो. घरी बायकोला कमी ऐकू येतं, ती ओठ बघून ओळखते. दात काढल्यापासून ओठ आत गेलेत, तिला आपलं बोलणं वाचता येत नाही. म्हणून आता दोघं बोलतच नाहीत, एवढंच. बाकी काही त्रास नाही, जेवण पातळ असतं, गिळता येतं. असं सांगून त्यानं दार आवाज न करता लावलं.

त्याच्याबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं असेल. सुई उतरल्याशिवाय कळत नाही. पण मी घाशाला उगाचच झापलं, तेव्हा काहीतरी झालं असणार.

संध्याकाळ व्हायच्या आत सुनेनं शोधून काढलं. खूण कुठल्या कॉम्प्युटरवरून झाली, ते वेबसाइटवर कळतं, असं ती म्हणाली. गायब झालेल्या सगळ्या ऑर्डरींवरची खूण मागच्या खोलीतून झालेली होती. फडक्याखालून.

मी म्हटलं, त्याला तर कुणी हात लावला नाही.

"म्हणूनच," ती म्हणाली. ती माझ्या टेबलाशी येऊन बसली, घाशाच्या स्टुलावर. "नवीन प्लगिन आलं की मागचा भाग आपोआप बदलतो. पण जे पान आधीपासून उघडं आहे, त्यातला जुना पुढचा भाग तसाच बसून राहतो. आपलं घर गेलंय हे त्याला कळत नाही. तो ऑर्डर बघतो, उचलतो, 'मिळाली' म्हणतो, मागं हाक मारतो. आणि मागं त्याचं कुणी नाही. ओरडतो, तर ते ऐकायचं नाही असं लिहिलेलंच आहे. ते गेल्यावर मी प्लगिनात एक किरकोळ बदल करून चढवला, तेव्हापासून हे चाललंय."

"तुझ्या नव्या कोडानं त्याला गप्प करता येत नाही?"

"नाही. त्याला कानच ठेवलेले नाहीत. नव्याला ठेवलेत. मागचं घर गेलंय असं कळलं की नवा आपली बटणं पानावरून काढून घेतो, माणसानं लिहिलेलं असेल ते जपून ठेवतो, आणि पान पुन्हा उघडा असं सांगून बाजूला होतो. जुन्याला बाहेरून काही सांगता येत नाही. ते पान कुणीतरी हातानं रिफ्रेश करायला हवं. एका बोटाचं काम आहे."

"मग केलं का नाहीस?"

"वाटी आहे ना त्यावर," ती म्हणाली.

शिकलेली मुलगी. सासऱ्यांना तिनं पाहिलेलंसुद्धा नाही, भिंतीवरच्या फोटोत तेवढे. नवऱ्यानं तिला टाकलं, आणि ती त्याच्या फडक्याला हात लावत नव्हती, कारण रीत माझ्या घरची होती. तिनं रोज त्या खोलीत जाऊन प्रिंटरचा कागद आणला असणार, फडक्याच्या कडेनं निळा उजेड बघितला असणार.

"रिफ्रेश केलं की त्यांनी अर्धं टाइप केलेलं जाईल," ती म्हणाली. "तुम्हाला हवं तर मोबाईलवर फोटो काढून ठेवते."

"आपण मेणाचा फोटो काढतो का?"

"नाही."

"मग."

मी गॅस बंद केला, हात पुसले. मला माहीत होतं मी काय करायला चालले होते. पोरगा चहाला गेलेला नाही, हे एवढे दिवस सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझ्या तोंडून यायचं तेवढं राहिलं होतं. आणि ते केलं की सून मोकळी. ती म्हणालेली, निस्तरते आणि जाते. ती शब्दाची पक्की आहे, आमच्या रक्ताची नाही म्हणूनच असेल.

मागच्या खोलीत गेले. सून उंबऱ्यावर थांबली, आत आली नाही. घाशानं घासायचं मशीन बंद केलं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी फडकं उचललं. धूळ स्क्रीनवर नव्हती, भोवती होती. माऊस हलवला तसा उजेड वाढला, आणि पानावर एक चौकट दिसली, तिच्यात त्यानं लिहिलेलं. मी चौथी शिकले, ती कुणाच्या कामी आली नाही, पण वाचता येतं, सावकाश. बोट ठेवून वाचलं.

'वरचे पुढचे दोन किंचित तिरके बसवतो. पेशंटचे मूळचे तसेच होते. सरळ केले तर बायको ओळ'

तिथंच संपलं होतं. पुढं एक बारीक रेघ उघडझाप करत होती, अजून वाट बघत. 'ओळखणार नाही' लिहायचं असणार. काम करताना तो चांगला होता, हे मी कधी नाकारलं नाही. हे वाक्य कुठं गेलंच नाही, म्हणजे त्या पेशंटचे दात आम्ही सरळच बसवून दिले. बायकोनं ओळखलं की नाही, कोण सांगणार.

"कुठलं बटण?"

"वरचा गोल बाण," ती उंबऱ्यावरून म्हणाली.

दाबला. पान लगेच गेलं नाही. मध्ये एक पाटी आली: तुम्ही लिहिलेलं जतन झालेलं नाही, पान सोडलं तर ते जाईल, सोडायचं का? मी पाटी दोनदा वाचली. मशीन सभ्य निघालं. जाण्याआधी विचारतंय. ह्या घरात ते सगळ्यांना जमलं नाही.

"सोडा म्हणा," सून म्हणाली.

म्हटलं. पान पांढरं झालं, पुन्हा भरलं. चौकट रिकामी होती. मी थोडी उभी राहिले, काही वाटतंय का बघायला. काही वाटलं नाही. गुडघा दुखत होता, तो रोजच दुखतो.

सुनेनं समोर बसून जुन्या ऑर्डरींवरच्या खोट्या खुणा काढल्या. मग प्रिंटर सुरू झाला आणि बराच वेळ थांबला नाही. चिठ्ठ्या टेबलावरून खाली पडायला लागल्या, त्या घाशा वाकून वाकून गोळा करत राहिला. म्हाताऱ्याची पहिली काढायला लावली. रंग जरा पिवळट, ओठाला आधार हवा. त्याचे दात मीच मेणात बसवले, मधे उठले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, एक काम राहिलंय. दुवा तुटला की पानावर पाटी येणार, त्या पाटीवर काय लिहू? तिनं घातलेलं मला वाचून दाखवलं. संपर्क खंडित झाला आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी म्हटलं, हे काय बोलणं झालं, कोर्टातून आल्यासारखं. माणूस घाबरेल. मग तुम्ही सांगा, ती म्हणाली. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली.

मग ती उठली, टेबलावरचं आपलं सगळं पिशवीत भरलं. पेन, चार्जर, केसांचा चिमटा. एकही वस्तू ठेवली नाही. मी बघत होते, ते तिनं बघितलं.

"आई, मी गेल्यावर ह्या टेबलावर काही झाकून ठेवू नका."

"कोण झाकतंय."

"कुणाला तरी बसवा इथं. प्लास्टर कालवते ती मुलगी हुशार आहे."

"बसवीन."

"आणि मी फोन करीन. माझा फोन वाजला तर उचलत जा. तुम्ही मुद्दाम उशिरा उचलता."

"मेणाचे हात असतात."

"माहितीय," ती म्हणाली. वाकून तिनं माझे हात बघितले, मेणाचे होते की नाही. नव्हते. मग ती गेली. दार ओढून घेण्याआधी वळून म्हणाली, येते. एवढं म्हटलं तिनं. चिरंजीवांनी तेवढंही म्हटलं नव्हतं.

तिच्या खुर्चीवर आता प्लास्टरवाली बसते. चहा माझ्यासारखाच वाईट करते. परवा दुपारी ती एकदम किंचाळली, काकू, काहीतरी बिघडलं. जाऊन बघितलं तर पानावर पाटी आली होती, माझ्याच शब्दांत: 'मागून ओ येत नाही. तुमचं काम जपून ठेवलंय. घाबरू नका, पान पुन्हा उघडा.' मी तिला म्हटलं, वाचता येतं ना? मग जे लिहिलंय ते कर. तिनं केलं. प्रिंटर खरखरला आणि चिठ्ठी आली.

चिरंजीवांना मी अजून फोन लावते. आधी दिवसातून पुष्कळदा लावायची. मग एखाद्या दिवशी. आता आठवेल तेव्हा. पुढचा कधी, ते ठरवलेलं नाही.

ते फडकं घाशाला देऊन टाकलं. तो उलटसुलट करून म्हणाला, काकू, इतकं स्वच्छ फडकं पॉलिशला चालत नाही, आधी मळावं लागतं.

मळव मग, मी म्हटलं.